वाशीत पाहुणा राहिला, पैसे कुणाला मिळाले?

वाशीतल्या एखाद्या बऱ्यापैकी हॉटेलचं बिल हातात घ्या. रूमचं भाडं ५,००० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हापासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर ५ टक्के कर आहे, म्हणजे २५० रुपये. बिलावर त्याच्या दोन ओळी दिसतील. सीजीएसटी १२५, एसजीएसटी १२५. पहिली रक्कम केंद्राची, दुसरी राज्याची. रूम ९,००० ची असेल तर दर १८ टक्के, कर १,६२० रुपये, आणि त्याचेही तसेच दोन सारखे वाटे. तिसरी ओळ नाही. ज्या महापालिकेने हॉटेलसमोरचा रस्ता झाडला आणि मोरबे धरणाचं पाणी नळाला आणून सोडलं, तिचं नाव त्या बिलावर कुठेच नाही.

क्रिकेटचा मोठा सामना झाला, परदेशी बँड येऊन गेला, विमानतळ सुरू झाला, की नवी मुंबईत एक चर्चा हमखास सुरू होते: पालिका पर्यटनासाठी काही करत का नाही? जाहिरात का करत नाही, मोठ्या परिषदा का आणत नाही? प्रश्न रास्त आहे. पण शहराने पाहुण्यांवर खर्च का करावा, हे त्या पाहुण्यांकडून शहराच्या तिजोरीत काय येतं यावर बरंचसं ठरतं. आणि आपल्याकडे नेमकी तीच वाट बंद आहे.

आधी बाहेरच्या जगात हे कसं चालतं ते बघू.

फेब्रुवारी १८९६ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मिल्टन कारमायकल नावाच्या वार्ताहराने स्थानिक वर्तमानपत्रात एक मुद्दा मांडला. वेगवेगळ्या धंद्यांच्या संघटनांची अधिवेशनं आपल्या शहरात अशीच, कुणी फारसे प्रयत्न न करता भरतात; मग मुद्दाम जाऊन बोलावलं तर किती भरतील? त्याच महिन्यात तिथले व्यापारी आणि हॉटेलवाले एकत्र आले, संस्था काढली आणि शहराशहरांत फिरून निमंत्रणं देणारा एक पगारी माणूस नेमला. अशा संस्थांना आज ‘कन्व्हेन्शन ब्युरो’ म्हणतात. भारतातही दिल्लीत १९८८ पासून ‘इंडिया कन्व्हेन्शन प्रमोशन ब्युरो’ आहे आणि हैदराबादला स्वतःचा शहर-ब्युरो आहे.

काम काय, हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. साहित्य संमेलनाचं स्थळ कसं ठरतं ते आठवा. गावोगावच्या संस्था निमंत्रण पाठवतात, स्थळ निवड समिती येऊन मंडपाची जागा बघते, पाहुण्यांची राहायची-जेवायची सोय विचारते, मग एका गावाच्या पदरात संमेलन पडतं. ठाण्याने २०१० चं ८४ वं संमेलन असंच घेतलं होतं. डॉक्टरांच्या, अभियंत्यांच्या किंवा रंग-रसायनवाल्यांच्या राष्ट्रीय परिषदाही तशाच फिरतात. फरक इतकाच की परदेशात निमंत्रण देणाऱ्या शहराकडे वर्षभर हेच काम करणारं कार्यालय असतं आणि त्या कार्यालयाला ठरलेला पैसा मिळत असतो.

तो पैसा येतो हॉटेलच्या रूमवरच्या करातून. लास व्हेगासमधलं कन्व्हेन्शन सेंटर आणि त्या शहराची जगभरची जाहिरात एकच सरकारी प्राधिकरण बघतं, आणि त्याच्या उत्पन्नात रूमवरच्या कराचा मोठा वाटा असतो. टेक्सासमध्ये शहरं रूमच्या भाड्यावर साधारणपणे ७ टक्क्यांपर्यंत कर लावू शकतात. राज्याचा ६ टक्के कर वेगळा. पण तिथल्या कायद्यात एक मेख आहे. हा पैसा शहराला वाटेल तसा उडवता येत नाही. ज्या खर्चामुळे पर्यटन आणि हॉटेलचा धंदा थेट वाढेल, तोच खर्च चालतो, आणि तोही कायद्यात दिलेल्या ठरावीक प्रकारांतला. कन्व्हेन्शन सेंटर, जाहिरात, कला, ऐतिहासिक वास्तूंचं जतन, वगैरे. नगरसेवकाला आपल्या वॉर्डातलं गटार त्या पैशातून बांधता येत नाही. त्यावरून तिथे कायम ओढाताण चालते, आणि ती चालावीच. कर देणारा पाहुणा तिथे मत द्यायला नसतो, त्यामुळे त्याच्या पैशावर सगळ्यांचा डोळा असतो.

आता या धंद्यातला सगळ्यात गैरसमजाचा भाग: सभागृह. परिषदेचं मोठं सभागृह स्वतःच्या भाड्यावर नफा कमावतं, अशी उदाहरणं फार थोडी. एसी, वीज, सुरक्षा, देखभाल हा खर्च हॉल रिकामा असला तरी चालूच राहतो. आणि भाडं वाढवलं की आयोजक शेजारच्या शहरात जातो. म्हणून बहुतेक शहरं हॉलचा तोटा मुद्दाम सोसतात. हॉलमध्ये गेलेला रुपया हॉटेलच्या रूममधून कर होऊन परत येईल, असा तो हिशेब. या धंद्यातलं मोजमाप म्हणूनच ‘रूम नाइट’ हे आहे: एक खोली, एक रात्र. किती लोक आले यापेक्षा किती लोक झोपायला थांबले, हे महत्त्वाचं.

वाशीचा हॉल आणि तुटलेली साखळी

वाशी स्टेशनला लागून, सेक्टर ३०-ए मध्ये सिडकोचं एक्झिबिशन अँड कन्व्हेन्शन सेंटर आहे. आजूबाजूला वेगवेगळ्या राज्यांची भवनं. अनेकांना ही इमारत आठवते ती कोविडमधली, कारण महापालिकेने तिथे १,२०० खाटांचं केंद्र चालवलं होतं. एरवी पालिकेचा तिथे मालकीचा संबंध नाही. इमारत सिडकोची, आणि सिडको ही राज्य सरकारची कंपनी, १९७० मध्ये शहर वसवण्यासाठी काढलेली.

तिथे एखादं औद्योगिक प्रदर्शन लागलं की पैसा कसा फिरतो बघा. राजकोटचा एक कारखानदार स्टॉल घेतो. स्टॉलचं भाडं तो आयोजकाला देतो. आयोजक त्यातून हॉलचं भाडं सिडकोच्या इमारतीसाठी भरतो. स्टॉल उभा करायला फॅब्रिकेटर येतो. प्लायवूड, कार्पेट, फ्लेक्स, लाइट. आदल्या रात्री टेम्पो लागतात, हमाल पेट्या उतरवतात, सुतार पहाटेपर्यंत ठोकाठोक करतात, आणि शेवटच्या संध्याकाळी तोच सगळा डोलारा चार तासांत मोडून परत टेम्पोत. कारखानदार आणि त्याची दोन माणसं तुर्भ्याला किंवा सानपाड्याला हॉटेलात उतरतात, रिक्षाने येतात-जातात, रात्री बाहेर जेवतात. यातल्या प्रत्येक ठिकाणी कुणाचा ना कुणाचा धंदा होतो. खरा रोजगार इथेच आहे, हे नाकारायचं कारण नाही. पण करापुरतं पाहिलं तर सगळा जीएसटी, आणि तो केंद्र-राज्यात वाटला जाणारा.

पाहुण्यांतही फरक असतो. साड्यांचा सेल किंवा घरांचं प्रदर्शन असलं की हॉल खच्चून भरतो, पण येणारी मंडळी ठाण्याहून, कल्याणहून, पनवेलहून लोकलने येतात आणि संध्याकाळच्या गाडीने घरी जातात. गर्दी हजारोंची आणि रूम नाइट जवळजवळ शून्य. उलट आठशे डॉक्टरांची दोन रात्रींची परिषद बाहेरून गजबजलेली दिसतही नाही. हिशेबासाठी धरू की प्रत्येकाने ५,००० ची वेगळी रूम घेतली. १,६०० रूम नाइट, ८० लाखांचं भाडं. टेक्सासमधल्या ७ टक्के लावणाऱ्या शहराला त्यातून ५ लाख ६० हजार मिळाले असते. आपल्याकडे ४ लाख जीएसटी, त्यातले २ लाख केंद्राला, २ लाख राज्याला. महापालिकेला त्या दोन रात्रींचं काही नाही.

इथे कुणीतरी म्हणेल की जीएसटीतला वाटा पालिकेला मिळतोच की. मिळतो, पण कसा ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा जकात, एलबीटी (स्थानिक संस्था कर) यांसारखे शहरांचे स्वतःचे कर गेले. नवी मुंबईत आधी उपकर होता, नंतर एलबीटी. त्या बदल्यात राज्याने २०१७ मध्येच स्थानिक संस्थांना भरपाई देण्याचा कायदा केला. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरायचं, त्यावर दरवर्षी ८ टक्के वाढ धरायची, आणि ती रक्कम राज्याने शहराला द्यायची. पैसा भरवशाचा आहे, पालिकेच्या उत्पन्नाचा तो एक मोठा खांब आहे. पण तो शहरात त्या वर्षी किती रूम भरल्या यावर अवलंबून नाही. हॉटेलं ओसंडून वाहोत की ओस पडोत, भरपाईची रक्कम सूत्राप्रमाणेच येणार.

मग आयुक्तांच्या खुर्चीत बसून विचार करा. परिषद आणली तर वाहतूक, पाणी, कचरा वाढणार. नाही आणली तर काही बिघडत नाही. पालिकेचे अधिकारी आळशी आहेत म्हणून शहरात ब्युरो नाही, असं मला वाटत नाही. ब्युरो काढून पालिकेच्या जमाखर्चात काय फरक पडेल, याचं उत्तर आजच्या रचनेत ‘खर्च वाढेल’ एवढंच आहे.

कर का लावत नाहीत?

कारण पालिकेला वाटेल तो कर लावता येत नाही. राज्याच्या कायद्याने जे कर लावायला परवानगी दिली, तेच. महाराष्ट्रात रूमवर १९८७ पासून ऐषआराम कर होता. तोही राज्याचा होता आणि जीएसटीत विरून गेला. करमणुकीवरच्या कराचं एक दार मात्र घटनेने उघडं ठेवलंय. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीनंतर स्थानिक संस्थांनी लावायच्या आणि वसूल करायच्या करमणूक कराला राज्यसूचीत जागा राहिली. तामिळनाडूने २०१७ मध्ये तसा कायदा केला आणि तिथे सिनेमाच्या तिकिटावर स्थानिक संस्थांचा कर जीएसटीच्या शिवाय लागतो. प्रेक्षक आणि थिएटरवाले त्याला खूश आहेत असं नाही.

पाहुण्याकडून थेट पैसे घेणारं ठिकाण आपल्या अगदी जवळ आहे. माथेरान. दस्तुरी नाक्यावर नगरपरिषदेची माणसं प्रवासी कराची पावती फाडतात, मगच पुढे चालायचं. गावात येण्याच्या वाटा मोजक्या, येणारा प्रत्येक जण पाहुणा, म्हणून ते जमतं. वाशीला दस्तुरी नाका कुठे उभारणार? स्टेशनवर उतरणाऱ्यांत एपीएमसीत निघालेला हमाल आहे, कॉल सेंटरची मुलगी आहे, मामाकडे आलेला भाचा आहे. यातला पर्यटक कोण, हे ओळखण्याची एकच जागा असते आणि ती म्हणजे हॉटेलचं रिसेप्शन. तिथे जीएसटी आधीच बसलाय.

उरतं काय, तर मालमत्ता कर, पाणीपट्टी, परवाना शुल्क, जाहिरात फलकांचे पैसे. यातला मालमत्ता कर हॉटेलच्या इमारतीवर असतो, भरलेल्या रूमवर नाही. त्यात राज्याने आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा देताना १ एप्रिल २०२१ पासून नोंदणीकृत हॉटेलांना वीज, पाणी, मालमत्ता कर औद्योगिक दराने लावायचं धोरण घेतलं. हॉटेल व्यवसायासाठी ते बरंच झालं. फक्त सवलत जाहीर करणारं सरकार एक आणि त्यातली पाणीपट्टी-मालमत्ता कराची बाजू सोसणारी तिजोरी दुसरी.

वरून मिळणारा पैसाही आहे. राज्याची प्रादेशिक पर्यटन विकास योजना आहे, जिल्हा नियोजन समितीचा निधी आहे, केंद्राच्या योजना आहेत. केंद्राने २०२४-२५ मध्ये पर्यटनस्थळांसाठी राज्यांना ५० वर्षांच्या बिनव्याजी कर्जाची योजना काढली, तेव्हा महाराष्ट्रातून सिंधुदुर्गातला ‘आयएनएस गुलदार’ या नौदलाच्या निवृत्त जहाजाचा पाण्याखालचा प्रकल्प आणि नाशिकचा राम-काल पथ निवडले गेले. अशा याद्यांत देवस्थान, समुद्र, किल्ला असलेली गावं पुढे असतात. प्रदर्शनाचा हॉल आणि सायबर सिटी घेऊन रांगेत उभं राहिलेलं शहर मागे पडतं. शिवाय हा पैसा बहुधा बांधकामाला असतो. निमंत्रणं देत फिरणाऱ्या माणसाचा पगार त्यातून निघत नाही.

घटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांकडे सोपवायची १८ कामं दिलीत. बागा आहेत, सांस्कृतिक उपक्रमांना चालना आहे, स्मशानं आहेत, कोंडवाडे आहेत. पर्यटन हा शब्द नाही.

फ्लेमिंगो कुणाचे?

पालिकेने नवी मुंबईला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणून पुढे आणलं. चौकात फ्लेमिंगोंची शिल्पं, भिंतींवर फ्लेमिंगो. ओळख म्हणून ती चांगली आहे, मला आवडते. पण फ्लेमिंगो बघायचे तर ऐरोलीला जाऊन बोटीत बसायचं, आणि ते केंद्र वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ चं, तेही वनविभागाकडे. २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर दर्जा मिळाला. नेरूळचा डीपीएस तलाव सिडकोच्या हद्दीतला. खाडीच्या भरतीचं पाणी आत यायची वाट बंद झाली, तलाव आटला, आणि २०२४ मध्ये तिथे फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आल्या. पुढच्या वर्षी राज्याने तो संवर्धन राखीव करण्याचा निर्णय घेतला, तोही रहिवासी आणि पर्यावरणवाद्यांनी पाठ न सोडल्यामुळे. म्हणजे पक्ष्याचं चित्र पालिकेचं, बोट वनविभागाची, तलाव सिडकोचा. पर्यटनाच्या नावाने पालिकेला एक रुपया खर्च करायचा असेल तर तो रंगावर न करता पाण्याची वाट मोकळी राहावी यासाठी इतर दोघांच्या मागे लागण्यात करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नोव्हेंबर ते मे पक्षी आले नाहीत तर शिल्पं बघायला कुणी येणार नाही.

डी. वाय. पाटील स्टेडियमचंही असंच. २००८ ची पहिली आयपीएल फायनल तिथे झाली, २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या फुटबॉल वर्ल्ड कपचे सामने झाले, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी क्रिकेटचा वर्ल्ड कप तिथेच उचलला. शहराची याहून मोठी जाहिरात पैसे देऊन करता आली नसती, आणि पालिकेने ती विकतही घेतलेली नाही. स्टेडियम खासगी, बंदोबस्त राज्याच्या पोलिसांचा, जादा लोकल रेल्वेच्या. कोल्डप्लेच्या वेळी नेरूळच्या आसपास रूमचे भाव आभाळाला भिडले होते. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस रोडवरच्या बाटल्या उचलणारे सफाई कामगार तेवढे पालिकेचे.

जाहिरातीवर पैसा टाकल्याने पाहुणे खरंच वाढतात का, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १९९३ मध्ये पर्यटनाच्या प्रचारासाठीचा कर बंद झाला आणि प्रचाराचं कार्यालयही गुंडाळलं गेलं. २००० मध्ये ते पुन्हा उभं करावं लागलं. मधल्या काळात राज्याचा बाजारातला वाटा घसरला, असं तिथली पर्यटनवाली मंडळी आजही दाखला म्हणून सांगतात. मी हे आकडे थोडे जपूनच घेतो, कारण अशा पाहण्या बहुतेक वेळा त्याच खात्यांनी करून घेतलेल्या असतात ज्यांना निधी हवा असतो. डोंगर, बर्फ आणि स्कीइंगचा लौकिक असलेल्या राज्याचं उदाहरण वाशीला किती लागू पडावं, हेही आहे.

नवी मुंबईने काय करावं? आणखी एक भव्य सभागृह बांधण्याचा प्रस्ताव कुणी आणला तर मी विरोधात मत देईन. वांद्रे-कुर्ला संकुलात जिओ वर्ल्ड आहे, गोरेगावला नेस्को आहे. भव्यतेच्या शर्यतीत उतरायचं कारण नाही. त्यापेक्षा कमी खर्चाची गोष्ट आहे. सिडको, महापालिका आणि हॉटेलवाले यांनी मिळून एक छोटं कार्यालय काढावं, चार-पाच माणसांचं. हॉटेलांनी रूममागे स्वखुशीने ठरावीक रक्कम द्यावी, सिडकोने हॉलच्या भाड्यातला एक हिस्सा द्यावा, पालिकेने तेवढीच भर घालावी. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ५,७०० कोटींच्या घरातला आहे. त्यात हा खर्च शोधायलासुद्धा भिंग लागेल. अट एकच ठेवावी. दरवर्षी किती परिषदा आणल्या आणि किती रूम नाइट भरल्या, हे जाहीर करायचं. पाहुण्यांची संख्या, ‘फुटफॉल’, सोशल मीडियावरचे व्ह्यूज असले आकडे चालणार नाहीत. आणि सोबत राज्याकडे मागणी लावून धरावी की शहरातल्या रूमवर जमा होणाऱ्या एसजीएसटीचा छोटासा वाटा त्याच शहराला परत द्यावा. नवा कर लागत नाही, पाहुण्याचं बिल वाढत नाही. फक्त रूम भरली तर शहराला काही मिळतं, ही गोष्ट पहिल्यांदा खरी होते.

विमानतळामुळे हे सगळं आपोआप होईल, असं ज्यांना वाटतं त्यांनी नकाशा बघावा. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेला आणि २५ डिसेंबरपासून सुरू झालेला हा विमानतळ नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत नाही, पनवेल तालुक्यात आहे. त्यात सिडकोचा २६ टक्के वाटा आहे. दक्षिण मुंबईला जाणारा प्रवासी उलव्यातून अटल सेतूवर चढला की महापालिकेच्या हद्दीत पाऊलही न ठेवता शिवडीला उतरतो. थांबणारे लोक असतीलच, पण सुरुवातीला ते फ्लेमिंगो किंवा परिषदेसाठी आलेले नसतील. पहाटेचं विमान पकडणारे, रात्री उशिरा उतरून सकाळी पुण्याला निघणारे, आणि विमान कंपन्यांचे कर्मचारी. एअरलाइन रूम घेते ती एकगठ्ठा, लांबच्या करारावर. तिला भिंतीवरचं चित्र दाखवून उपयोग नाही. रात्री दोनला हॉटेलचं किचन चालू आहे का, गाडीला किती मिनिटं लागतात आणि बेलापूरपासून पुढच्या रस्त्यावर दिवे लागलेत का, एवढंच ती विचारते. त्यातला कुठला खांब सिडकोचा आणि कुठला पालिकेचा, हे तेवढं आधी ठरलेलं असलं तर बरं.